मुक्या प्राण्यांची साक्ष

कान्हे स्थानकावर उतरून आंदर मावळाच्या वाटेला लागलें म्हणजे टाकवे बुद्रुक हें गांव येतें. आषाढांत येथील भाताचीं खाचरें पाण्यानें भरलेलीं असतात, आणि डोक्यावर इरलें किंवा प्लॅस्टिकचा कागद घेतलेलीं माणसें पोटरीभर चिखलांत वांकून लावणी करीत असतात. याच दिवसांत बिळांत पाणी शिरून उंदीर बांधावर येतात व उंदरांच्या मागोमाग साप येतात. अशा वेळीं लावणी करणाऱ्या एखाद्या बाईच्या पायाला घोणस डसली, तर घरचीं माणसें तिला उचलून आरोग्यकेंद्र गांठतात. तेथें कपाटांतून एक लहानशी कुपी बाहेर येते. कुपींत पांढरी भुकटी असते; ती शुद्ध पाण्यांत विरघळवून शिरेवाटें रक्तांत सोडतात. या औषधाचा एक मिलिलिटर घोणशीचें ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतो, असें त्यावर बारीक अक्षरांत छापलेलें असतें. तें वाचण्यास त्या घटकेला कोणास सवड नसते, आणि वाचण्याची गरजहि वाटत नाहीं. कोणीं तरी, कोठें तरी, हें पारखून पाहिलें आहे या विश्वासावर सर्व कारभार चालतो.

तें पारखलें गेलें पांढऱ्या उंदरांच्या अंगावर. उंदीर मुका, त्यामुळें त्यानें दिलेली साक्ष प्रयोग करणाऱ्याच्या लेखणींतूनच कागदावर उतरते. ती लेखणी नीट चालली कीं नाहीं, यावर त्या बाईचा जीव पुष्कळ अंशीं अवलंबून असतो. प्राण्यांवरील प्रयोगांचें वृत्त कसें लिहावें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ विद्वानांच्या कामाचा वाटतो. परंतु त्याचा धागा मावळांतल्या खाचरापर्यंत येऊन पोहोंचतो तो असा.

हा धागा किती जणांच्या जिवाशीं बांधलेला आहे, याची कल्पना एका आंकड्यावरून येईल. २००० ते २०१९ या काळांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लक्ष माणसें मृत्यु पावलीं, असा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत पाहणींत करण्यात आला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यु. आणि त्यांपैकीं निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. मरणारे बहुतेक खेड्यांत राहणारे. यांपैकीं कितीएक माणसें औषधापर्यंत पोहोंचलींच नाहींत हें खरें. परंतु जीं पोहोंचलीं त्यांच्यासाठीं तें औषध खरोखर सांगितल्याइतकें गुणकारी असलें पाहिजे.

आतां हें औषध तयार कसें होतें तें पाहूं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चार सापांचें विष अगदीं अल्प प्रमाणांत घोड्यास टोंचतात व तें प्रमाण हळूहळू वाढवीत नेतात. कांहीं महिन्यांत घोड्याच्या रक्तांत त्या विषांना निष्प्रभ करणारीं द्रव्यें तयार होतात. तीं रक्तांतून वेगळीं काढून शुद्ध केलीं कीं प्रतिविष सिद्ध झालें. तें सिद्ध झालें, पण त्याची शक्ति किती? ती मोजण्यासाठीं उंदीर लागतात. ज्या मात्रेनें ठराविक वजनाच्या उंदरांपैकीं निम्मे मरतात, ती विषाची मात्रा हें येथील माप. त्या मात्रेच्या कांहीं पट विष घेऊन तें प्रतिविषाच्या कमीअधिक प्रमाणांत मिसळतात, अर्धा तास शरीराइतक्या उष्णतेंत ठेवतात, आणि मग १८ ते २० ग्रॅम वजनाच्या उंदरांच्या शिरेंत टोंचतात. ठरलेल्या मुदतीनंतर जगलेले व मेलेले उंदीर मोजतात. त्या मोजदादीवरून कुपीवरचा आंकडा ठरतो.

ही रीति नीट ध्यानांत घेतली म्हणजे एक गोष्ट चटकन् लक्षांत येते. प्रयोगांत विष आणि प्रतिविष आधींच एकत्र मिसळलेलीं असतात. टाकव्याच्या बाईच्या अंगांत मात्र विष आधीं भिनलेलें असतें, आणि प्रतिविष कांहीं तासांनंतर येतें. दोन्हीं परिस्थितींत औषधाची परीक्षा सारखी होत नाहीं. एखाद्या संशोधकानें विष आधीं टोंचून प्रतिविष मागाहून दिलें, आणि दुसऱ्यानें दोन्हीं मिसळून दिलीं, तर दोघांचे आंकडे वेगळे येणार. ‘प्रतिविष परिणामकारक आढळलें’ एवढेंच वाक्य दोघांनीं लिहिलें, तर वाचणाऱ्यानें समजावयाचें काय?

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. पण तें शीत त्याच पातेल्यांतलें असावें लागतें. भारतांत प्रतिविष करण्यासाठीं लागणाऱ्या विषाचा फार मोठा वांटा तामिळनाडूंतील इरुळा या आदिवासी जमातीच्या सहकारी संस्थेकडून येतो. साप पकडण्यांत निष्णात असलेल्या या लोकांची ही संस्था १९७८ सालीं स्थापन झाली, आणि तिच्या कामानें आजवर असंख्य जीव वांचले आहेत. परंतु एकाच जातीच्या सापाचें विष प्रदेशपरत्वें बदलतें. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं निरनिराळ्या प्रांतांतील घोणशींचें विष तपासून २०२१ सालीं जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत प्रचलित प्रतिविषें कांहीं ठिकाणच्या विषापुढें अपुरीं पडत असल्याचें दिसून आलें. तेव्हां विष कोणत्या जातीच्या सापाचें, हें लिहून भागत नाहीं. तो साप कोठला, हेंहि लिहावें लागतें. तें लिहिलें नाहीं, तर तामिळनाडूंतल्या पातेल्यांतील शितावरून मावळांतल्या भाताची परीक्षा होते, आणि तसें झाल्याचें कोणास कळतहि नाहीं.

ही चूक नवी नाहीं. आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८९५ च्या सुमारास घोड्याच्या रक्तापासून प्रतिविष तयार केलें. नागाच्या विषावर तें गुणकारी होतें. यशाच्या त्या भरांत, हेंच औषध इतर सापांच्या विषावरहि चालेल, असें त्यानें प्रतिपादन केलें. ऑस्ट्रेलियांत चार्ल्स मार्टिन यानें तेथील सापांच्या विषावर तें पारखून पाहिलें. त्यास तसा अनुभव आला नाहीं. मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेंत काम करणारा जॉर्ज लँब यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं दाखवून दिलें कीं, नागाच्या विषापासून केलेलें प्रतिविष घोणशीच्या विषावर चालत नाहीं. ‘सापाचें विष’ हा मोघम शब्द बाजूला सारून ‘अमुक सापाचें विष’ असें म्हणतांच वादाचा निकाल लागला. आज चार सापांचें विष एकत्र करून औषध बनवितात, त्याच्या मुळाशीं हा धडा आहे.

पुढें मार्टिन आणि लँब हे दोघेहि मुंबईंतच एका दुसऱ्या कामांत एकत्र आले. तें काम म्हणजे प्लेगची चौकशी. प्राण्यांवरील प्रयोगाचें वृत्त कसें असावें, याचा एक उत्तम नमुना या चौकशींत मिळतो, म्हणून ती हकीगत थोडी विस्तारानें सांगणें योग्य होईल.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, आणि दुसऱ्याच वर्षीं त्यानें पुण्यांत थैमान घातलें. घरांतून उंदीर पडूं लागले कीं माणसें पडतात, हें लोकांच्या लक्षांत आलें होतें. पण उंदरापासून माणसापर्यंत रोग जातो कसा? कोणी म्हणे जमिनींतून, कोणी म्हणे अन्नांतून, कोणी म्हणे अनवाणी पायांच्या जखमांतून. कराचींत काम करणारा फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यानें १८९८ सालीं एका कांचेच्या भांड्यांत प्लेग झालेला, पिसवा असलेला उंदीर ठेवला, आणि त्याच्याजवळ, पण त्यास स्पर्श होणार नाहीं अशा रीतीनें, एक निरोगी उंदीर ठेवला. निरोगी उंदीर प्लेगनें मेला. पिसू हीच रोगाची वाहक, असें सिमोंनें लिहिलें.

त्याच्यावर फारसा कोणीं विश्वास ठेवला नाहीं. युरोपांतील संशोधकांनीं तेथील उंदरांच्या पिसवा घेऊन पाहिल्या, तेव्हां त्या माणसास चावत नाहींत असा त्यांतील कित्येकांचा अनुभव होता. दोघेहि आपापल्या परीनें खरें बोलत होते. घोटाळा होता ‘पिसू’ या एका शब्दांत. युरोपांतील उंदरांवर सामान्यतः आढळणारी पिसू एका जातीची, आणि मुंबई-कराचीच्या उंदरांवरची दुसऱ्या जातीची. या दुसऱ्या जातीचें वर्णन चार्ल्स रॉथशील्ड यानें १९०३ सालीं केलें. मुंबईंत ग्लेन लिस्टन या डॉक्टरानें येथील उंदरांवर हीच पिसू असते, आणि उंदीर मेले म्हणजे ती भुकेली होऊन माणसाकडे वळते, हें दाखविलें. १९०४ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढें त्यानें हा विषय मांडला. मधल्या सहा वर्षांत प्लेगनें किती घरें ओस पाडलीं, त्याची गणती नाहीं. एका किड्याची जात वेळेवर ठरली व लिहिली गेली असती, तर उत्तर लवकर मिळण्याचा संभव होता.

१९०५ सालीं प्लेगच्या चौकशीसाठीं नवें मंडळ नेमलें गेलें. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा होती; तीच पुढें १९२५ सालीं हाफकिन इन्स्टिट्यूट या नांवानें प्रसिद्धीस आली. तेथें मंडळानें सहा लहान झोपड्या बांधविल्या. सहाहि सारख्या, फरक केवळ छपराचा. पहिल्या दोहोंवर साधीं देशी कौलें, ज्यांत उंदीर मोकळेपणीं राहतात. पुढच्या दोहोंवर चपटीं कौलें, ज्यांत उंदीर कमी राहतात. शेवटच्या दोहोंत पन्हाळी पत्रा. छपराखालीं तारेची जाळी अशी बसविली कीं, उंदीर खालीं येऊं नये, पण पिसू पडूं शकावी. मग प्रत्येक झोपडींत प्लेग टोंचलेले व निरोगी असे गिनीपिग एकत्र सोडले. जेथें पिसवा होत्या तेथें निरोगी गिनीपिग मरूं लागले; देशी कौलांखालीं अधिक व लवकर, चपट्या कौलांखालीं कमी. पत्र्याखालच्या झोपड्यांत पिसू नव्हती. तेथें निरोगी गिनीपिग रोग्यांच्या अंगाला अंग लावून राहिले, तेंच अन्न त्यांनीं खाल्लें, तरी ते जगले. त्याच झोपड्यांत पिसवा सोडल्यावर मात्र त्यांनाहि प्लेग झाला. आणखी एका प्रयोगांत जमिनीपासून दोन इंचांवर ठेवलेल्या पिंजऱ्यांतील गिनीपिगास रोग झाला, दोन फुटांवर टांगलेल्यास झाला नाहीं. दोन इंच पिसू सहज उडते. दोन फूट तिला उडवत नाहीं.

हीं वृत्तें १९०६ पासून इंग्लंडांतील ‘जर्नल ऑफ हायजीन’ या नियतकालिकांत सविस्तर छापलीं गेलीं. छप्पर कोणतें, जाळी कोठें, पिंजरा किती उंच, पिसू कोणत्या जातीची, हें सर्व त्यांत दिलेलें असल्यामुळें शंभराहून अधिक वर्षें लोटल्यावरहि वाचक आपल्या मनाशीं तो प्रयोग पुन्हां उभारूं शकतो. अर्थात् आजच्या कसोट्या लावल्या तर त्यांतहि उणीवा सांपडतील. प्राण्यांची वांटणी नशिबावर सोंपविण्याचें शास्त्र रोनाल्ड फिशर यानें १९२५ नंतर रूढ केलें. तें या मंडळास कोठून ठाऊक असणार? पण मंडळानें जें केलें तें झांकून ठेवलें नाहीं, म्हणूनच त्या उणीवा आज दाखवितां येतात. वृत्त चांगलें असणें याचा अर्थ एवढाच.

नशिबावर सोंपविण्याचें काय कारण, असें कोणी विचारील. समजा, एका पिंजऱ्यांत वीस उंदीर आहेत. त्यांपैकीं दहांना औषध द्यावयाचें आहे, दहांना नाहीं. हात घालून जे पहिले दहा सांपडले त्यांस एका गटांत टाकलें, तर सहज हातीं लागणारे उंदीर बहुधा मंद, थकलेले किंवा आजारी असतात. चपळ उंदीर मागें राहतात. पहिल्या गटास औषध न देतां दुसऱ्यास दिलें, तर औषध निरुपयोगी असलें तरी दुसरा गट सरस ठरेल. म्हणून चिठ्ठ्या टाकून किंवा तत्सम रीतीनें वांटणी करावी लागते, आणि ती तशी केल्याचें लिहावें लागतें.

दुसरी गोष्ट परीक्षकाची. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचें नांव नसतें, आसनक्रमांक असतो. परीक्षक लबाड असतात असा त्याचा अर्थ नव्हे. ओळखीचें नांव पाहिलें कीं सज्जनाचाहि हात नकळत सैल सुटतो. प्रयोगशाळेंतहि कोणत्या उंदरास औषध मिळालें हें ठाऊक असलेला माणूस उंदराची चाल पाहूं लागला, तर त्यास सुधारणा दिसूं लागते. मोजणाऱ्यास गट ठाऊक नसावा, आणि तो नव्हता असें वृत्तांत नमूद असावें.

तिसरी गोष्ट गळलेल्यांची. आरंभीं बारा उंदीर होते आणि अखेरीस नऊच मोजले, तर तिघांचें काय झालें? ते औषधानें मेले असतील, पिंजऱ्यांतील भांडणांत मेले असतील, किंवा त्यांचा निकाल मनासारखा न आल्यामुळें वगळले गेले असतील. तिन्हींचा अर्थ निराळा. हिशेबाच्या वहींत तीन रुपये कमी भरले तर गृहिणी तेवढ्यावर रात्रीं विचारते. तेथें तीन जीव कमी भरतात आणि वाक्य पुढें सरकतें.

चौथी गोष्ट संख्येची. उंदीर किती घेतले आणि तितकेच कां घेतले? फार थोडे घेतले तर योगायोग आणि गुण यांतला भेद कळत नाहीं, आणि घेतले तेवढे व्यर्थ मरतात. फार घेतले तर गरजेहून अधिक मरतात. शिवाय एकाच पिंजऱ्यांत वाढलेले, एकाच आईचे दहा उंदीर म्हणजे दहा स्वतंत्र साक्षीदार होत नाहींत. एका घरांतील दहा माणसांस एकाच आडाचें पाणी बाधलें, तर त्यावरून साऱ्या गांवाविषयीं बोलतां येत नाहीं.

याखेरीज प्राण्याची जात, वंश, नर कीं मादी, वय, वजन, खाणें, दिवसरात्रीचा प्रकाश, वेदना शमविण्यासाठीं काय केलें, हेंहि सांगावें लागतें. पाककृतींत ‘चवीपुरतें मीठ’ म्हटलेलें चालतें, कारण करणाऱ्याची जीभ जाग्यावर असते. प्रयोगाच्या वृत्तांत मात्र ‘पुरेसें’, ‘योग्य तें’, ‘नेहमीप्रमाणें’ हे शब्द घातक आहेत.

या गोष्टी इतक्या साध्या आहेत कीं, त्या सर्वच लेखांत असतील असें कोणासहि वाटावें. खरी स्थिति काय आहे, याची पाहणी ब्रिटनमधील संशोधकांनीं केली आणि ती २००९ सालीं प्रसिद्ध झाली. ब्रिटन व अमेरिका येथें सरकारी पैशानें झालेल्या प्रयोगांचे २७१ लेख त्यांनीं वाचले. शेंकडा ८७ लेखांत प्राण्यांची वांटणी चिठ्ठीनें केल्याचा उल्लेख नव्हता. शेंकडा ८६ लेखांत मोजणाऱ्यापासून गट लपविल्याचा उल्लेख नव्हता. प्रयोगाचा हेतु, प्राण्यांची संख्या व त्यांचें वर्णन हीं तिन्हीं शेंकडा ५९ लेखांतच सांपडलीं. म्हणजे पांचांपैकीं दोन लेखांत, काय शोधावयाचें होतें किंवा कोणावर शोधलें, यांतलें कांहीं ना कांहीं गाळलेलें होतें. हीं कामें झालीं नव्हतीं असें नव्हे. कांहींनीं तीं केलीं असतील व लिहिलीं नसतील. पण न लिहिलेलें काम आणि न केलेलें काम यांत फरक करण्याचें साधन वाचकाजवळ नसतें.

याचा भार शेवटीं रोग्यावर पडतो. हातापायांचे स्नायू झिजवीत अखेर श्वास बंद पाडणारा, ए. एल. एस. या नांवानें ओळखला जाणारा एक मज्जातंतूंचा रोग आहे. मिनोसायक्लिन या औषधानें या रोगाचे उंदीर अधिक जगतात असें प्रसिद्ध झालें. त्या आशेनें अमेरिकेंत ४१२ रोग्यांवर तें पारखण्यांत आलें. २००७ सालीं निकाल लागला तो उलटा: औषध घेणाऱ्यांची प्रकृति न घेणाऱ्यांपेक्षां अधिक वेगानें ढांसळली. या रोगावरचीं सत्तराहून अधिक औषधें उंदरांवर पारखल्याचे निकाल पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील एका संस्थेनें प्रसिद्ध केले. या वेळीं नर-मादी, एका वेतांतलीं भावंडें व दुसऱ्याच कारणानें झालेले मृत्यु यांचा कांटेकोर हिशेब ठेवला. पूर्वीं गुणकारी म्हणून छापलेल्या औषधांपैकीं एकाचाहि गुण पुन्हां दिसला नाहीं. पहिल्या वेळचें यश बहुतांशीं योगायोगाचें होतें. ज्या रोग्यांजवळ दोन-चार वर्षांचेंच आयुष्य शिल्लक होतें, त्यांनीं त्यांतले महिने या योगायोगापायीं खर्च केले.

२००९ च्या पाहणीनंतर, २०१० सालीं, त्याच संशोधकांनीं वीस कलमांची एक यादी प्रसिद्ध केली. ती ‘अराइव्ह’ या नांवानें ओळखली जाते. प्राण्यांवरील प्रयोगाच्या लेखांत किमान काय असावें, हें तींत क्रमवार सांगितलें आहे. जगांतल्या शेंकडों नियतकालिकांनीं ती मान्य केली. पण मान्य करणें आणि पाळणें यांत अंतर असतें. यादीचा उपयोग होतो कीं नाहीं, याचाच एक प्रयोग करण्यांत आला. एका नियतकालिकाकडे आलेल्या १,६८९ लेखांची चिठ्ठीनें वांटणी केली. एका गटाच्या लेखकांस यादी भरून पाठविण्यास सांगितलें, दुसऱ्यास सांगितलें नाहीं. २०१९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला: दोन्हीं गटांतील एकहि लेख सर्व कलमांस उतरला नाहीं. कागद भरून घेतल्यानें संवय लागत नाहीं, असा त्याचा अर्थ. म्हणून २०२० सालीं यादी नव्यानें रचण्यांत आली, आणि ज्यांवांचून लेखाची विश्वसनीयता ठरवितांच येत नाहीं अशीं दहा कलमें वेगळीं काढून अग्रभागीं ठेवलीं गेलीं. वर सांगितलेल्या चारहि गोष्टी त्या दहांत आहेत.

भारतांत प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालीं झाला. त्यान्वयें प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिति आहे, आणि १९९८ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेंत प्राणिप्रयोगांची नीति पाहणारी समिति असावी लागते. प्राणी किती, कां, दुसरा मार्ग नाहीं काय, हे प्रश्न तेथें प्रयोगापूर्वीं विचारले जातात. ही मोठीच गोष्ट होय. तथापि ही चौकशी प्रयोगाच्या दारांत होते. आंत काय झालें, तें सांगण्याची जबाबदारी लेखकाची आणि लेख छापणाऱ्या संपादकाची. लेखाच्या शेवटीं ‘समितीची अनुमति होती’ एवढें वाक्य घातल्यानें ती फिटत नाहीं.

लेखक हें कां लिहीत नाहींत? जागा अपुरी, हें एक कारण सांगतात. छापील पानांच्या काळांत त्यांत तथ्य होतें. दुसरें कारण अधिक मानवी आहे. तीन उंदीर गळाले, मोजणाऱ्यास गट ठाऊक होता, असें लिहिलें तर लेख परत येईल ही भीति. संशोधकाची बढती छापलेल्या लेखांवर अवलंबून, आणि संपादकास ठसठशीत यश हवें असतें. अशा बाजारांत खरें सांगणाऱ्याचा तोटा होतो. म्हणून उणीव कबूल करणाऱ्या लेखास संपादकांनीं मान दिल्याखेरीज नुसत्या याद्यांनीं हें सुधारणार नाहीं.

प्राण्यांवर प्रयोग करावेत कीं करूं नयेत, याविषयीं विचारी माणसांत मतभेद आहेत आणि ते राहतील. परंतु प्रयोग करूंच नयेत म्हणणारा आणि करावेच लागतात म्हणणारा, या दोघांनाहि एक गोष्ट मान्य व्हावी: जो जीव घेतला, तो कशासाठीं व कसा घेतला, हें प्रामाणिकपणें न लिहिणें म्हणजे तो फुकट घेणें होय. अपुऱ्या वृत्तामुळें तोच प्रयोग दुसरीकडे पुन्हां करावा लागतो, आणि तितकेच जीव पुन्हां जातात.

सुशिक्षित घरांत सकाळच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून बातमी असते, ‘नव्या औषधाचा उंदरांवर यशस्वी प्रयोग’. ती वाचून कोणा आजारी नातेवाइकासाठीं आशा बांधण्यापूर्वीं दोन-तीन साधे प्रश्न मनाशीं विचारावेत. उंदीर किती होते? वांटणी कशी केली? मोजणाऱ्यास ठाऊक होतें काय? कांहीं गळाले काय? उत्तरें बातमींत नसतील. पण मूळ लेखांत असलीं पाहिजेत, आणि घरांतील एखादा महाविद्यालयीन मुलगा वा मुलगी तीं शोधून काढूं शकेल. तेथेंहि नसतील, तर आशा जरा आंवरून धरावी.

पुढच्या आषाढांत टाकवे बुद्रुकच्या खाचरांत पुन्हां लावणी होईल, आणि बांधावर साप पुन्हां येतील. डसल्या पायानें कोणी आरोग्यकेंद्रांत आलें, तर कुपीवरचीं बारीक अक्षरें वाचण्याची पाळी त्याच्या माणसांवर येऊं नये. तीं कोणीं तरी आधींच नीट वाचलेलीं असावींत, आणि त्यामागचा प्रत्येक उंदीर हिशेबांत धरलेला असावा.